नाशकात नव्यानं लिहू लागलात? पहिल्या वहीपासून पहिल्या पुस्तकापर्यंत

नाशकात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या हातात फुलस्केपची चार पानं होती. निवेदकानं आधीच सांगितलं होतं, "एकच कविता, छोटी." मी मान डोलावली आणि चारही पानं वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर असताना एक मुलगा पुढे आला आणि पोडियमवर चिठ्ठी ठेवून गेला. मला वाटलं, कुणीतरी दाद पाठवलीय. चिठ्ठीवर एकच शब्द होता : "आवरा."

मी मूळची सटाण्याची. नोकरीसाठी नाशकात आले, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत क्वालिटीच्या टेबलावर काम, राहायला सिडकोत. इथे लिहिणारे पुष्कळ आणि बोलावणारेही पुष्कळ. पण कुठे जायचं, सोबत काय न्यायचं आणि कशावर सही करायची नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. मी आधी पुस्तक काढलं, मग वाचायला शिकले आणि सगळ्यात शेवटी ऐकायला बसले. तुम्ही हाच क्रम उलटा धरा, म्हणून हे लिहितेय.

१. आधी सहा महिने खुर्चीत बसा

कार्यक्रमांना इथे तोटा नाही. सुरुवात टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. सगळे त्याला 'सावाना' म्हणतात. १८४० सालची संस्था आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृह तिचंच, आणि साहित्याचे छोटे कार्यक्रम बहुतेक वेळा औरंगाबादकर सभागृहात होतात. जिल्ह्यातल्या साहित्यिकांचा मेळावाही सावानाच भरवते. दुसरं ठिकाण गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक. तिथली 'विशाखा' आणि 'स्वगत' ही सभागृहांची नावं निमंत्रणपत्रिकांवर सारखी दिसतील. त्याच रस्त्यावर शंकराचार्य संकुलातलं कुर्तकोटी सभागृहही आहे.

मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमाला असते. (बाहेरून आलेल्यांसाठी : नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. 'गंगेवर भेटू' म्हणजे रामकुंडाच्या आसपास.) ती भरते यशवंतराव महाराज पटांगणावर. हे यशवंतराव म्हणजे आमच्या सटाण्याचे देव मामलेदार, दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारे. अनोळखी शहरात पहिल्या संध्याकाळी ते नाव पाटीवर वाचलं आणि मला एकदम कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. व्याख्यान कशावर होतं ते आज आठवत नाही, पाटी आठवते.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस असतो, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात एकाच संध्याकाळी तीन-तीन कार्यक्रम असतात. सगळीकडे धावू नका, एक निवडा आणि शेवटपर्यंत बसा. कुसुमाग्रज प्रतिष्ठान एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार देतं. १९९१ सालचा पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला होता. ज्या वर्षी हा सोहळा असेल त्या वर्षी तो चुकवू नका.

आता श्रोत्यानं काय करायचं? मी घड्याळ लावून बघायचे. कोण किती मिनिटं वाचतं आणि कितव्या मिनिटाला मागच्या रांगेतले मोबाइल उजळतात. नवख्याच्या कवितेला साधारण तिसऱ्या मिनिटानंतर ते उजळू लागतात. ही नोंद मला कोणत्याही कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच पळू नका. माझी इथली पहिली खरी ओळख एका सतरंजीमुळे झाली. एक टोक माझ्या हातात, दुसरं एका निवृत्त शिक्षकांच्या. घडी घालता घालता ते म्हणाले, "त्या दिवशी चार पानं वाचणाऱ्या तुम्हीच ना?" पुढची तीन वर्षं माझी प्रत्येक कविता आधी त्यांनी वाचली.

२. वाचनालयाचं कार्ड काढा

आधारकार्ड, नाशकातल्या पत्त्याचा पुरावा (भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार), दोन फोटो, अनामत आणि वर्गणी. शहरात अनेक वाचनालयं आहेत, घराजवळचं चालेल. कार्ड काढून नुसतं पाकिटात ठेवणारे कवी मी डझनभर पाहिलेत.

३. वही आणि फोन, दोन्ही शिस्तीत

कविता वहीत लिहा, खाली तारीख टाका. खाडाखोड पुसू नका, नुसती रेघ मारा. सहा महिन्यांनी खोडलेली ओळच बरी होती असं बऱ्याचदा कळतं.

टाइप करताना युनिकोडच वापरा. फोनवर मराठी कीबोर्ड आणि कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकलात तर सगळ्यात उत्तम, पंधरा दिवसांत हात बसतो. सांगायचं कारण असं की छापखान्यात अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं आणि तुमचा मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात जातो. त्या प्रवासात 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास जखमी होतात. माझ्या पहिल्या प्रुफात (छापण्याआधी तपासायला देतात ती पानं) 'दुसऱ्या'मधला अर्धा र गळून सगळीकडे 'दुसया' झालं होतं. मी कवितेचा अर्थ तपासत बसले आणि अक्षरं तपासायची राहिली. पुस्तकात अकरा ठिकाणी ते तसंच छापलं गेलं.

४. पहिलं वाचन

नाव कुठे द्यायचं? बहुतेक छोट्या काव्यवाचनांत संयोजकाला आधी फोन केला किंवा अर्धा तास लवकर जाऊन नाव लिहून दिलं की पुरतं. 'निमंत्रितांचं कविसंमेलन' असेल तर नाव द्यायला जाऊ नका, तिथे यादी ठरलेली असते. मोठ्या संमेलनांतल्या कवी कट्ट्यासाठी, म्हणजे खुल्या काव्यवाचनाच्या मंचासाठी, कविता आधी मागवतात. ३ ते ५ डिसेंबर २०२१ला ९४वं अखिल भारतीय साहित्य संमेलन नाशकात आडगावला झालं, तेव्हा आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना प्रवेशिकेची मुदत संपल्यावर जाग आली. कट्ट्यावर नंबर लागला तरी डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. तिथे समोर बसलेले बरेचसे श्रोते आपापल्या नंबरची वाट बघणारे कवीच असतात. ते वाईट नाही, फक्त टाळ्यांवरून फार काही ठरवू नका.

तयारी अशी करा :

- एक कविता, तीन मिनिटांच्या आत. फोनचा टायमर लावून घरी पाच वेळा मोठ्यानं वाचा. दुसरी कविता खिशात असू द्या, आग्रह झाला तरच काढा.
- मोबाइलवरून वाचू नका. मधेच फोन येतो, पडदा झोपतो, बोट लागून पान वर सरकतं. मोठ्या अक्षरातली एका बाजूची प्रिंट घ्या.
- माइकपासून वीतभर अंतर. 'प', 'भ', 'फ' जवळून बोललात की स्पीकर फटफटतो.
- प्रस्तावना नको. "ही कविता मला कशी सुचली" हे दोन मिनिटं सांगून दीड मिनिटाची कविता वाचणारे दर कार्यक्रमात असतात.

कथेचं गणित वेगळं. कथा वाचणं आणि कथा सांगणं हे दोन स्वतंत्र धंदे आहेत. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन लोकप्रिय केलं, ते काही कागदात डोकं घालून नव्हे. कथाकथनाला बोलावलं तर कथा पाठ करू नका, तिचे टप्पे पाठ करा. माझे सात टप्पे असतात, हाताच्या बोटांवर मोजलेले. मधली वाक्यं त्या दिवशी सुचतील तशी. लिहिलेली कथा पंचवीस मिनिटांची असेल तर सांगायची पंधराची करा, निसर्गवर्णनं आधी काढा.

आणि बोली. माझ्या घरात अहिराणी. सुरुवातीला मी कथेतल्या आईला शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायला लावायचे, "हे काय आहे?" श्रोते गप्प. एकदा सांगता सांगता घसरले आणि तोंडातून "हाई काय शे?" निघून गेलं. मागच्या रांगेतल्या तीन बाया खळखळून हसल्या. बहुतेक मालेगाव-कळवणकडच्या असाव्यात. तेव्हापासून आई 'शे'च म्हणते. अर्थ सांगायला थांबायचं नाही, मागच्या-पुढच्या वाक्यातून तो कळेल अशी वाक्यं ठेवायची. आपल्या जिल्ह्यात यात लाजण्यासारखं काही नाही. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लोकांच्या बोलण्यातली भाषा गाण्यात घेऊन ते महाराष्ट्रभर फिरले.

५. गट निवडताना

प्रत्येक उपनगरात एखादा काव्यमंच सापडेल, शिवाय महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाखा आहेत. गट चांगला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते : तिथे कोणी कधी "ही ओळ काढ" असं म्हणतं का? ज्या व्हॉट्सअॅप गटात सकाळी सहाला टाकलेल्या कवितेला सहा वाजून एका मिनिटाला अकरा गुलाब येतात, तिथे कविता कोणी वाचलेली नसते. गुलाब घ्या, पण त्यावर विसंबून पुस्तक काढू नका. मी काढलं.

महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी कोणाच्या तरी घरी बसावं. प्रत्येकानं एकच रचना आणावी आणि लिहिणाऱ्यानं मधे समर्थन करू नये. एवढे नियम पुरतात. आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. मिसळ आणणाऱ्याला टीकेतून सूट, हा नियम मात्र आम्ही सहा महिन्यांत रद्द केला.

६. बाहेर पाठवणं

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मासिक मनोरंजन'पासून आहे आणि नव्या माणसाला दार उघडण्याची ती अजूनही बरी जागा आहे. पण दिवाळीचं साहित्य दिवाळीत पाठवायचं नसतं. जून-जुलैपर्यंत संपादकाच्या हातात पडायला हवं. आधी त्या अंकाचे मागचे दोन अंक चाळा, वाचनालयाचं कार्ड इथे कामाला येतं. विनोदी अंकाला विलापिका पाठवणारे आपणच असतो.

पत्रात पाच ओळी : नाव, पत्ता, फोन, काय पाठवलंय, आणि 'अप्रकाशित, इतरत्र पाठवलेलं नाही' हे वाक्य. हे वाक्य खरं असू द्या. माझी एक कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत आली. मला फार आनंद झाला, त्या दोन्ही संपादकांना मात्र नाही. कुठे काय कधी पाठवलं याचं एक पान वहीत ठेवलंत तर हे होणार नाही. फेसबुकवर टाकलेली कविता काही संपादक प्रकाशित धरतात, तेव्हा चांगल्या तीन-चार कविता राखून ठेवा.

७. पैसे मागणारा सन्मान

फोन येतो : "आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे." तुम्ही तर काही पाठवलेलंच नसतं. पुढचं वाक्य नोंदणी शुल्काचं असतं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, प्रमाणपत्र, सगळं तुमच्याच पैशातून. दुसरा प्रकार प्रातिनिधिक संग्रहाचा : शंभर कवी, प्रत्येकाची एक कविता, प्रत्येकानं ठराविक प्रती विकत घ्यायच्या. असा संग्रह विकत घेतो कोण? तेच शंभर कवी.

मी यात दोनदा पैसे घातलेत. एक ट्रॉफी माझ्या नावात चूक करून आली होती, ती आता दाराला आडवी लावायला वापरते. प्रवेशशुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा लबाडच असते असं नाही. परीक्षक कोण, मागच्या वर्षी कोणाला मिळाला आणि ते पुस्तक कुठे बघायला मिळेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तराआधी गूगल पेचा नंबर आला तर फोन ठेवा.

८. छापण्याआधी थांबा : 'पहिलं' एकदाच असतं

या लेखातलं एकच कलम वाचणार असाल तर हे वाचा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, टाइप केलेलं हस्तलिखित पाठवावं लागतं. आठ महिन्यांच्या कवितांचं पातळ पुस्तक मी स्वतःच्या खर्चानं काढलं आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मला ही योजना कळली. माझं 'पहिलं' तोवर संपलं होतं.

पुरस्कारांचंही असंच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनातर्फे दिला जाणारा विशाखा पुरस्कार पहिल्या कवितासंग्रहासाठी आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. पुरस्कारासाठी लिहा असं मी म्हणत नाही. पण गुलाबांच्या भरात काढलेलं पुस्तक पुढच्या चांगल्या पुस्तकाच्या जागेवर बसतं आणि तिथून उठत नाही. संग्रहासाठी साठ कविता असतील तर त्यातल्या पंधरा काढून टाकता येईपर्यंत थांबा.

९. छापताना

पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. ९६ पानं म्हणजे सहा फॉर्म. तुमची १०० होत असतील तर चार पानं कमी करणं स्वस्त पडतं. कवितासंग्रहाला डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच) आणि ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) किंचित पिवळसर कागद चांगला दिसतो. दरपत्रक तीन ठिकाणांहून घ्या आणि एकरकमी आकडा मान्य करू नका. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी असं सुटं मागा. प्रुफं तीनदा तपासा, त्यातलं एकदा शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे, म्हणजे अर्थात गुंतायला होत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय एजन्सीच्या सरकारी पोर्टलवर लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाचं शीर्षकपान लागतं. या तेरा आकड्यांसाठी माझ्याकडून वेगळे पैसे घेतले गेले होते. मला वाटलं, सरकारी फी असेल.

करार कागदावरच करा. माझ्या वेळी ५०० प्रती ठरल्या, घरी १५० आल्या, उरलेल्या 'विक्रीला ठेवल्यात' असं कळलं. दोन वर्षांनी हिशेब मागितला तर उत्तर, "शिल्लक बघून सांगतो." दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता. करारात एवढं हवंच : किती प्रती, कोणाच्या खर्चानं, लेखकाला किती, मानधन किंवा रॉयल्टी कधी, न विकलेल्या प्रतींचं काय, आणि हक्क कोणते व किती वर्षांसाठी. लिहिता क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

स्वतः प्रकाशक असाल तर आणखी एक काम असतं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची असते. पावत्या जपा.

१०. प्रकाशन समारंभ

लहान ठेवा. वक्ते तीनपेक्षा जास्त नकोत, आणि त्यातल्या एकानं तरी पुस्तक वाचलेलं असावं. हे आधी फोन करून हळूच तपासता येतं. सभागृहाची तारीख पक्की झाल्याशिवाय पत्रिका छापू नका. अध्यक्षांना आणायला गाडी कोण पाठवणार हे नाव लिहून ठरवा, नाहीतर द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत पाहुणे आणि इकडे दीपप्रज्वलनाची समई वाऱ्यावर. विक्रीच्या टेबलावर सुटे पैसे, क्यूआर कोड आणि सहीसाठी दोन पेन असू द्या. ओळखीच्यांना प्रती फुकट वाटायचा मोह फार होतो. आवरा.

आणि पहिल्या गठ्ठ्यातल्या दहा प्रती घरी नेऊन कपाटात कुलपात ठेवा, कारण पुरस्काराच्या प्रत्येक प्रवेशिकेसोबत एकाहून जास्त प्रती मागतात. मी सगळ्या वाटून बसले होते. मुदतीच्या आदल्या दिवशी सटाण्याला गेले आणि आईच्या शेजारणीकडून एक प्रत मागून आणली. तिनं तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं आणि वर पोरीकडून माझं नाव लिहून घेतलं होतं. देताना म्हणाली, "परत आणून दे हां, माझी अर्धी राहिलीय."